इंकटँक प्रिंटरची शाई वाहती ठेवायची तर

जून उजाडला की माझ्या दुकानाच्या फळीवर शाळांचे प्रिंटर येऊन बसतात. मे महिनाभर वर्गांना कुलूप आणि प्रिंटर कपाटात. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडते, कोणीतरी हजेरीपत्रक छापायला घेतं आणि कागद पट्ट्यापट्ट्यांचा बाहेर येतो. गेल्या जूनमध्ये एक बाई असाच प्रिंटर घेऊन आल्या. "भाऊ, दोन दिवसांत पंधरा वेळा क्लीनिंग दिलं, काळा काही उठत नाही," म्हणाल्या. मी टाक्या पाहिल्या. काळी बरीच भरलेली होती, पण निळी, गुलाबी आणि पिवळी तिन्ही खालच्या रेघेला टेकल्या होत्या. अडला होता एकटा काळा आणि खर्ची पडले होते बाकीचे तीन रंग.

असं का झालं हे समजलं की शाईच्या यंत्रणेची निम्मी देखभाल समजली. प्रिंटर बिघडला की लोकांचा हात पहिल्यांदा क्लीनिंगच्या बटणावर जातो. तो आधी नोझल चेकवर, म्हणजे शाईची कोणती भोकं बंद आहेत ते कागदावर दाखवणाऱ्या चाचणीवर जावा, यासाठी हे सगळं लिहितोय.

एप्सनने टाकीचे प्रिंटर २०१० साली पहिल्यांदा इंडोनेशियात विकायला काढले. लोक काडतुसांना, म्हणजे शाईच्या कार्ट्रिजना, बाहेरून टाक्या जोडत होते, हे पाहूनच ती वाट निघाली. आपल्याकडेही काडतुसाला भोक पाडून इंजेक्शनने शाई भरण्याचे दिवस फार जुने नाहीत. आज झेरॉक्सवाले, ऑनलाइन फॉर्म भरणारी केंद्रं, शाळा, वकिलांची टेबलं, जिथे बघाल तिथे टाकीचाच प्रिंटर दिसतो. माझ्याकडे सर्वांत जास्त येतात ते एप्सनचे एल ३११०, ३१५० आणि ३२५०. म्हणून मुख्य उदाहरण त्यांचं घेतो. कॅनन आणि एचपीचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, वेगळ्या तऱ्हेचं असतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

शाईचा रस्ता

झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारा. टाकीतून निघालेल्या चार बारीक नळ्या एका पट्ट्यात हेडपर्यंत जातात आणि हेडबरोबर डावी-उजवीकडे सरकतात. हेडच्या वर प्रत्येक रंगाला एक छोटी डबी असते, तिला डॅम्पर म्हणतात. हेड धावताना शाईला बसणारे हिसके ती पोटात घेते आणि कचरा गाळून धरते. डॅम्परच्या खाली नोझल असतात. एल ३११० मध्ये काळ्याची १८० आणि तीन रंगांची प्रत्येकी ५९, म्हणजे एकूण ३५७ भोकं. त्यातून पडणारा सर्वांत लहान थेंब ३ पिकोलिटरचा असतो. ६५ मिलीच्या एका बाटलीत असे दोन हजार कोटींहून जास्त थेंब मावतील. इतक्या बारीक भोकाच्या तोंडाशी शाई सुकायला उन्हाळ्यातली एक दुपारही पुरते.

ती सुकू नये म्हणून काम संपलं की हेड उजव्या टोकाला जाऊन कॅपवर बसतं. कॅप म्हणजे रबरी कडांची छोटी वाटी, आत ओलसर स्पंज. लोणच्याच्या बरणीला झाकण जे काम करतं, तेच काम हेडसाठी कॅप करते. कॅपच्या बुडाला नळी, नळीला पंप आणि पंपापुढे वाया गेलेली शाई शोषणारं पॅड. कॅपशेजारी हेडचं तोंड पुसणारी रबराची पातळ पट्टी असते, तो वायपर.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. टाकी हेडपेक्षा खाली ठेवलेली असते, ती मुद्दाम. त्यामुळे शाई आपोआप हेडमधून गळत नाही, किंचित मागे ओढलेली राहते. म्हणूनच प्रिंटर सपाट टेबलावर हवा. एका बाजूला वही सरकवून तिरपा केलेला प्रिंटर कधी शाई गाळतो, तर कधी हवा ओढतो. जुन्या प्रिंटरला बाहेरून टाकी जोडली असेल, तर तीही प्रिंटरच्याच पातळीला ठेवा, वर फळीवर नको.

नोझल चेक वाचायला शिका

कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीज उघडा, मेंटेनन्सच्या पानावर नोझल चेक सापडेल. कागदावर चार रंगांच्या बारीक पायऱ्यांची जाळी उमटते. प्रत्येक छोटी रेघ एकेका नोझलची आहे. रेघ तुटली की ते नोझल बंद. हा कागद फेकू नका, कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहून ठेवा. एकावर एक ठेवलेल्या तीन कागदांवरून बिघाड जितका कळतो, तितका प्रिंटर उघडूनही कळत नाही.

पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाहीत आणि तिथेच लोक फसतात. पोरांच्या हस्तकलेतला निळा जिलेटिन कागद डोळ्यासमोर धरून बघा. त्यातून पिवळ्या रेघा काळपट दिसतात आणि तुटलेली जागा लगेच सापडते. मी काउंटरच्या खणात असा एक तुकडा कायम ठेवतो.

आता वाचायचं कसं ते पाहू. लागोपाठच्या तिन्ही कागदांवर तुटकी जागा अगदी तीच असेल, तर त्या नोझलमध्ये शाई सुकली आहे. जागा दर वेळी बदलत असेल, किंवा पहिलं पान छान आणि चौथ्या-पाचव्या पानाला रंग विरळ होत असेल, तर शाई पोचत नाही. म्हणजे नळीत हवा आहे किंवा डॅम्पर तुंबला आहे. एक अख्खा रंग गायब असेल तर आधी त्या टाकीची पातळी बघा, मग त्याच रंगाची नळी टॉर्चच्या उजेडात पाहा. चारही रंग एकदम गायब असतील तर सगळी नोझल एका रात्रीत सुकली असं सहसा होत नाही. दोष कॅपमध्ये, पंपात नाहीतर हेडला जाणाऱ्या विजेच्या पट्टीत शोधा. जुन्या एल सिरीजमध्ये टाकीशेजारी वाहतुकीची खिट्टी असायची. ती बंद राहिली तरी हेच होतं.

आणखी एक खूण आहे. पिवळ्याची रेघ हिरवट किंवा तांबूस उमटली, तर रंग हेडच्या तोंडाशी एकमेकांत मिसळताहेत. कॅप तुडुंब भरली आहे किंवा वायपर चिकट झाला आहे. इथे क्लीनिंग दिलं तर घाण आणखी पसरते. आधी हाताने साफ करावं लागतं.

क्लीनिंग किती आणि कधी

क्लीनिंगमध्ये पंप कॅपमधून ओढ लावतो आणि नोझलमधून शाई बाहेर खेचतो. या प्रिंटरमध्ये चारही रंगांवर एकच कॅप बसते. चार तोट्यांच्या नळाला एकदम ओढ लावली आणि त्यातली एक तोटी चोंदलेली असेल, तर पाणी उरलेल्या तीन तोट्यांतून येणार. बाईंच्या प्रिंटरचं तेच झालं. सुकलेला काळा जागचा हलला नाही आणि पंधरा वेळा निळा, गुलाबी, पिवळा पॅडात गेला.

म्हणून माझा नियम ठरलेला आहे. नोझल चेक, मग एक क्लीनिंग, मग पुन्हा नोझल चेक. असं जास्तीत जास्त तीन वेळा. प्रत्येक वेळी दोन कागद शेजारी ठेवून बघा. रेघा वाढत असतील तर पुढे जा. तिसऱ्या वेळेनंतरही फरक नसेल तर थांबा. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा आणि किमान १२ तास हात लावू नका. एप्सनच्या पुस्तिकेतही हीच सूचना आहे आणि ती मन लावून पाळण्यासारखी आहे. या १२ तासांत कॅपखालच्या ओलीने सुकलेली शाई मऊ होते आणि हेडमधले बारीक बुडबुडे जिरतात. संध्याकाळी निकामी वाटलेला प्रिंटर सकाळी एका क्लीनिंगवर सुरू झालेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. गिऱ्हाईकाला घाई असते हे मला कळतं, पण इथे घाईने शाई जाण्याशिवाय काही होत नाही.

त्यानंतरही अडलं तर पॉवर क्लीनिंग, काही मॉडेलमध्ये याला पॉवर इंक फ्लशिंग म्हणतात. यात नळ्यांमधली सगळी शाई बदलते. चारही टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असल्याशिवाय हे करूच नका, नाहीतर नळ्यांत शाईऐवजी हवा शिरेल आणि दुखणं वाढेल. एकदा केलं की पुन्हा करण्याआधी परत १२ तास थांबा. दोनदा करूनही रेघ जागेवर येत नसेल तर तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही.

हाताने साफसफाई

हे काम घरी करता येतं, पण तासभर मोकळा वेळ हवा. साहित्य साधं आहे. डिस्टिल्ड वॉटर, मऊ टिश्यू, चष्मा पुसायचं कापड, टोकाला फोम असलेल्या काड्या, ५ मिलीची बिनसुईची सिरिंज, टॉर्च आणि टेबलावर अंथरायला जुनी वर्तमानपत्रं. डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं. बॅटरीचं ॲसिड नव्हे, बाटलीवरचं नाव वाचून घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार सुकले की नोझल कायमचं बसतं. काच पुसायचा स्प्रे, सॅनिटायझर, थिनर यांतलं काहीही हेडला लावू नका. कापसाच्या काड्यांचे तंतू सुटतात आणि एक तंतू पुरे होतो, म्हणून फोमच्या काड्या.

प्रिंटर चालू करा. हेड कॅपवरून निघून मधोमध आलं की भिंतीतला प्लग काढा. वीज अशी मधेच तोडायची मुभा फक्त या कामापुरती. आता हेड हाताने हलकेच सरकतं. सरकत नसेल तर ते अजून कुलपात आहे. जोर लावू नका, पुन्हा चालू करून पुन्हा प्लग काढा. हेडच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी दिसेल, तिला बोट लावू नका. हेड कुठे आहे हे प्रिंटर त्या पट्टीवरच्या बारीक रेघांवरून ओळखतो. तिच्यावर ग्रीस लागलं की अक्षरं नागमोडी येतात.

हेड डावीकडे सरकवलं की उजव्या टोकाची कॅप उघडी पडते. सिरिंजने तिच्यात आठ-दहा थेंब पाणी सोडा. दहा मिनिटं जाऊ द्या. पाणी काळंनिळं होईल. टिश्यूची घडी टेकवून ते टिपून घ्या आणि पुन्हा पाणी सोडा. तिसऱ्या वेळेपर्यंत पाणी बरंच फिकं येतं. आता टॉर्च तिरपा धरून रबराची कड पूर्ण फिरून बघा. वाळलेल्या शाईची साय, कागदाचा चुरा किंवा एखादा केस कडेला चिकटलेला असतो. केस दिसत नाही इतका बारीक असतो, पण त्याच्या बाजूने हवा शिरते आणि पंपाची ओढ तुटते. ओल्या फोमच्या काडीने कड पुसा. स्पंज खरवडू नका, उपटू नका. मग वायपरची पट्टी दोन्ही बाजूंनी पुसा. तिच्यावर शाईचा जाड थर साचलेला असतो, आणि हाच थर दर वेळी हेडच्या तोंडावर फासला जातो.

इथेच पंपाची परीक्षा घ्या. कॅप काठोकाठ भरा, प्लग लावा, प्रिंटर स्थिर झाला की एक क्लीनिंग द्या. क्लीनिंग संपल्यावर तसंच हेड बाजूला घेऊन कॅपमध्ये बघा. कॅप रिकामी असेल तर पंप आणि नळी ठीक आहेत. पाणी तसंच उभं असेल तर दोष पंपात किंवा कॅपखालच्या नळीत आहे. अशा प्रिंटरला कितीही क्लीनिंग द्या, शाई हलणार नाही. एवढं एक करून पाहिलं तर दुरुस्तीवाल्याकडे जाताना नेमकं काय सांगायचं ते तुमच्या हातात असतं.

आता हेडसाठी ओली पट्टी. टिश्यूची तीन-चार पदरी लांब घडी करा, रुंदी दोन-तीन बोटं. पाण्यात भिजवून पिळा. ओली राहावी, पण थेंब गळता कामा नये. प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करा. हेड ज्या वाटेने जातं तिथे पट्टी आडवी ठेवा आणि हेड हळूच तिच्यावर आणा. पट्टीने हेडला फक्त स्पर्श करावा. घडी जाड झाली तर ती घासते, एक पदर कमी करा. चार-पाच तास ठेवा. काळं हट्टाला पेटलं असेल तर रात्रभर, मधे एकदा पट्टी बदलून. पट्टी काढाल तेव्हा तिच्यावर रंगांच्या सरळ ओळी उमटलेल्या दिसतील. जी ओळ फिकी किंवा गायब, तो रंग अजून अडलेला आहे. बाईंच्या प्रिंटरच्या पहिल्या पट्टीवर तीन ओळी होत्या, काळ्याच्या जागी नुसती करडी सावली. दुसरी पट्टी रात्रभर ठेवली. सकाळी काळी ओळ दाट उमटली होती. मग रंगांच्या टाक्या भरल्या, एक क्लीनिंग दिलं आणि काळ्याच्या पायऱ्या अखंड आल्या. प्लग लावण्याआधी पट्टी काढायला मात्र विसरू नका.

सिरिंजने हेडमध्ये पाणी दाबून घालण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. माझा त्याला ठाम विरोध आहे. आतल्या थरांना तो दाब सोसत नाही आणि पाण्याचा एक थेंब हेडच्या विजेच्या पट्टीत उतरला तर चालू करताच हेडबरोबर मदरबोर्डही जळतो. असे दोन्ही जळालेले प्रिंटर माझ्याकडे आले आहेत. त्यांची दुरुस्ती नव्या प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाते.

शाई भरताना

टाकीवरची खालची रेघ ही लक्ष्मणरेषा समजा. पातळी तिच्याखाली गेली की नळीत हवा शिरते. रेघेच्या वर बोटभर शाई असतानाच बाटली आणून ठेवा. वरच्या रेघेपर्यंतच भरा. झाकण घट्ट लावा, सांडलेला थेंब लगेच टिपा.

नव्या काही मॉडेलमध्ये बाटलीचं तोंड तिच्या रंगाच्या टाकीतच बसतं, चूक होत नाही. जुन्यात तशी सोय नाही. दुकान टाकलं त्या वर्षी एका संध्याकाळी लाईट गेलेली असताना मी पिवळ्या टाकीत गुलाबी ओतली. अर्धी बाटली गेल्यावर टाकीतला रंग केशरी दिसला आणि हात थांबला. नशीब एवढंच की प्रिंटर बंद होता. तसं कधी झालं तर चालू करू नका, कारण छपाई किंवा क्लीनिंग झालं नसेल तर नळीतली शाई अजून शुद्ध असते. सिरिंजला बारीक नळी लावून टाकीतली सगळी शाई उपसा, थोडी योग्य शाई घाला, तीही उपसा, पुन्हा एकदा तसंच करा आणि मग भरा. मला यात दोन बाटल्या पिवळी लागली, पण हेड वाचलं. तेव्हापासून मी टॉर्चच्या उजेडात शाई भरत नाही. गिऱ्हाईक कितीही ताटकळलं तरी लाईट येऊ देतो.

शाई कोणती, हा प्रश्न रोज येतो. एप्सनच्या ००३ नंबरच्या चारही शाया डाय प्रकारच्या आहेत, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला. फोटोला ती सुंदर दिसते, पण ओल लागली की पसरते. कोकणातल्या पावसात सातबारा किंवा दाखल्याची प्रत पिशवीत भिजली की अक्षरं निळसर वाहून जातात. कॅननच्या जी सिरीजमध्ये आणि एचपीच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट असते. तिचे बारीक कण कागदावर बसून राहतात आणि ओल सोसतात. तुमचं काम मुख्यतः अर्ज-दाखल्यांचं असेल तर प्रिंटर घेतानाच हे बघा. डायच्या टाकीत पिगमेंट ओतून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका, दोन्ही एकत्र आल्या की गाळ बसतो. बाहेरची स्वस्त शाई वापरायचीच असेल तर एकाच उत्पादकाची, त्याच मॉडेलसाठीची आणि कायम तीच वापरा. हप्त्याला बाटली बदलणाऱ्यांचे डॅम्पर सर्वांत आधी तुंबतात.

नळीत हवा

नळीत शाईच्या मधेमधे पांढरे तुकडे दिसले तर ती हवा. एखादा राईएवढा बुडबुडा असला तर काही बिघडत नाही. बोटभर लांबीचे तुकडे असतील तर टाक्या भरा, प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी एक-दोन क्लीनिंग देऊन बघा. तुकडे हेडकडे सरकत असतील तर ठीक चाललंय. नळीचा मोठा भाग रिकामाच असेल, तर मात्र पॉवर क्लीनिंगची गरज खरी आहे. आणि सगळं करूनही आठवड्याने हवा परत आली, तर कुठेतरी सांधा गळतोय, बहुधा डॅम्परचा. तो भाग बदलावा लागतो.

पॅड भरलं की

क्लीनिंगची सगळी शाई प्रिंटरच्या पोटातल्या पॅडमध्ये जाते. प्रिंटर पॅड उघडून बघत नाही, किती शाई गेली असेल याचा हिशेब ठेवतो. आकडा पूर्ण झाला की दिवे लुकलुकतात आणि पॅडची मुदत संपल्याचा निरोप येतो. कॅननच्या जुन्या जी सिरीजमध्ये हाच निरोप ५बी०० या कोडने येतो.

बाजारात याचा सोपा उपाय म्हणजे आकडा शून्यावर आणणं. पण आकडा पुसला म्हणून पॅड कोरडं होत नाही. माझ्याकडे असा दोनदा रीसेट मारलेला प्रिंटर रिक्षातून आला होता. उचलला तर खालून काळी धार लागली, रिक्षाची सीट, माझी चप्पल, दुकानाची पायरी सगळं भरलं. पायरीवरचा डाग अजून आहे. आधी पॅड बदला, मगच आकडा शून्य करा. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये पॅडची डबी मागच्या बाजूने स्क्रू काढून बाहेर येते. तुमच्यात तशी नसेल तर सर्व्हिस सेंटरला द्या. रीसेटचा प्रोग्राम कुठूनही उतरवून घेऊ नका. अँटिव्हायरस बंद करा असं जो प्रोग्राम सांगतो, तो कॉम्प्युटरवर घ्यायचाच कशाला? जुनं पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. विहिरीजवळ किंवा ओहोळाला धुऊ नका.

कॅननच्या जी २०२०, जी ३०२० मध्ये आणि एप्सनच्या एल ६१७०, ६१९० मध्ये हा भाग हाताने बदलता येतो, स्वतंत्र विकत मिळतो. रोज भरपूर छापणाऱ्याने ही एक गोष्ट बघून प्रिंटर घ्यावा, पुढचा मनस्ताप वाचतो.

कॅनन आणि एचपी

एप्सनचं हेड शाई तापवत नाही. विजेने किंचित वाकणारा स्फटिकाचा थर थेंब ढकलतो. कॅनन आणि एचपीमध्ये सूक्ष्म हीटर शाईची क्षणात वाफ करतो आणि त्या बुडबुड्याने थेंब फेकला जातो. कॅननच्या इचिरो एंडो यांना ही कल्पना १९७७ साली सुचली. शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेलं सोल्डरिंग लागलं आणि टोकातून शाई उडाली. देखभालीच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की या हेडला शाई हीच थंडावा देते. शाई न पोचता छपाई चालू ठेवली तर हीटर जळतात. कागद फिका यायला लागला की छपाई तिथेच थांबवा, "एवढी दहा पानं काढून घेतो" म्हणू नका.

यांच्या घरगुती टाकीवाल्या मॉडेलमध्ये हेड दोन असतात, काळ्याचं एक आणि रंगांचं एक. ती बाहेर निघतात, बदलताही येतात. पण विनाकारण काढू नका, प्रत्येक वेळी हवा शिरण्याची शक्यता असते. कॅननमध्ये क्रम असा: नोझल चेक, साधं क्लीनिंग, मग डीप क्लीनिंग. तरी नाही जमलं तर बंद करून २४ तास थांबा आणि पुन्हा डीप क्लीनिंग. सर्वांत शेवटी सिस्टम क्लीनिंग किंवा इंक फ्लश. त्यात खूप शाई जाते, टाक्या भरून मगच. हेड काढावंच लागलं तर तांब्याच्या ठिपक्यांना बोट न लावता, नोझलची बाजू कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या कापडावर दोन मिनिटं टेकवा आणि उचला. घासू नका.

रोजच्या सवयी

प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, दिवा विझू द्या, मग भिंतीचं बटण. भिंतीचं बटण आधी बंद केलं आणि हेड मधेच राहिलं, तर झाकण नसलेल्या बरणीसारखी गत होते. पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आमच्याकडे पहिल्या वळवालाच जाते. इन्व्हर्टर असेल तर प्रिंटर त्यावर घ्या. नसेल तर लाईट आल्यावर प्रिंटर चालू करून हेड जागेवर जाऊ द्या आणि मग बंद करा.

आठवड्यातून एकदा चारही रंग वापरणारं एक पान काढा. नुसतं काळं छापून चालत नाही. अर्ज छापणाऱ्यांच्या प्रिंटरमध्ये पिवळाच आधी सुकतो, तो त्यामुळेच.

हवामानाप्रमाणे जागा निवडा. या प्रिंटरना १० ते ३५ अंश तापमान मानवतं. अकोल्याला माझा मेव्हणा हेच काम करतो. त्याच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखालच्या खोलीत हेड चार दिवसांत अडतं. तो प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवत नाही, पण कूलर असलेल्या खोलीत ठेवतो आणि आठवड्याऐवजी दर दोन दिवसांनी पान काढतो. आमच्याकडे उलटं, हेड कमी सुकतं पण पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो आणि हेडला घासतो. कागदाचं रीम फोडलं की उरलेले कागद झिपच्या पिशवीत ठेवा. प्रिंटरवर सुती कापड टाका, प्लॅस्टिक नको.

प्रिंटर हलवायचा असेल तर हेड जागेवर जाऊ दे, टाक्यांची झाकणं घट्ट करा, खिट्टी असेल तर ती फिरवा आणि प्रिंटर आडवा, सपाट न्या. एसटीच्या डिकीत उभा घातलेला प्रिंटर पोचेपर्यंत स्वतःच्याच शाईत न्हालेला असतो.

बाईंना प्रिंटर परत देताना मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली. सुट्टी लागण्याच्या दिवशी नोझल चेक काढायचा, टाक्या निम्म्याच्या वर ठेवायच्या, बटणाने बंद करायचा आणि शाळेजवळ राहणाऱ्या कोणाला तरी किल्ली देऊन मेमध्ये दर सोमवारी एक रंगीत पान काढायला सांगायचं. यंदा जूनमध्ये त्या आल्या, त्या शाईची बाटली घ्यायला. पर्समधून पाच नोझल चेकचे कागद काढून त्यांनी काउंटरवर ओळीने मांडले. प्रत्येकावर सोमवारची तारीख होती, शाळेच्या शिपायाच्या अक्षरात. चौथ्या कागदावर पिवळ्याच्या दोन रेघा तुटल्या होत्या, पाचव्यावर त्या परत आल्या होत्या.